संमती आणि अगतिकता

सन 2010 च्या जानेवारी महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथील एका समारंभात फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी असे प्रतिपादन केले की, आपल्याविषयीची माहिती अधिकाधिक लोकांपुढे मोकळेपणाने मांडण्याची आता लोकांना सवय झाली आहे, खासगीपणासंबंधीचा सामाजिक संकेतच कालमानानुसार पालटला आहे, आणि आपली कंपनी त्या पालटलेल्या संकेताला धरून चालत आहे. हे मत तेव्हापासून निरनिराळ्या मुखांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला आता सिद्धान्ताची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. परंतु या भाषणाच्या अवघा एक महिना आधी, म्हणजे 2009 च्या डिसेंबरात, त्याच कंपनीने आपल्या कोट्यवधी सभासदांच्या खात्यांची मूळ मांडणी बदलून, पूर्वी परिचितांपुरती राखता येत असलेली पुष्कळशी माहिती सर्व जगास दिसेल अशी तजवीज केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे यांतील कारण कोणते आणि कार्य कोणते याविषयी रास्त शंका उत्पन्न होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2011 साली कंपनीवर जे आरोप ठेवले त्यांत या फेरफाराचाही समावेश होता; त्या प्रकरणी झालेल्या हुकुमाचा भंग केल्याबद्दल पुढे 2019 साली कंपनीला पाच अब्ज डॉलर दंड भरावा लागला.

समाजमाध्यमे आपला माग कसा काढतात, त्याविषयी सर्वसामान्य वापरकर्त्यास काय वाटते, आणि जे वाटते त्याचा त्याच्या वर्तनाशी मेळ का बसत नाही, हा पुढील प्रकरणांचा विषय होय. हा मेळ न बसण्याला अभ्यासक 'खासगीपणाचा विरोधाभास' असे म्हणतात. विचारले असता मनुष्य खासगीपण मोलाचे असल्याचे सांगतो आणि पुढच्याच क्षणी एखाद्या क्षुल्लक सोयीखातर ते देऊन टाकतो, तेव्हा त्याच्या उक्तीपेक्षा कृतीच खरी मानावी, असा निष्कर्ष त्यावरून पुष्कळ जण काढतात. मला हा निष्कर्ष मान्य नाही. कृतीला मताचा पुरावा मानावयाचे, तर कृती करणाऱ्यापुढे दुसरा मार्ग खरोखर खुला असला पाहिजे. जेथे 'हो' म्हटल्यावाचून पुढचे पानच उघडत नाही, तेथे त्या 'हो'वरून उत्तर देणाऱ्याच्या मनाचा ठाव लागत नाही. ही माझी भूमिका मी प्रारंभीच नमूद करून ठेवतो, म्हणजे पुढील विवेचन वाचताना वाचकास ती पारखून घेता येईल.

प्रथम माग काढण्याच्या यंत्रणेविषयी. 1994 साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली या तरुण अभियंत्याने 'कुकी' नावाची योजना आखली, तेव्हा त्याच्यापुढील अडचण अगदी साधी होती. वाचक एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला की संकेतस्थळाला त्याची ओळख उरत नसे, आणि त्यामुळे खरेदीच्या यादीत घातलेली वस्तू पैसे देण्याच्या पानापर्यंत टिकत नसे. यावर उपाय म्हणून संकेतस्थळाने वाचकाच्याच संगणकावर एक लहानशी खुणेची चिठ्ठी ठेवावी, आणि ज्याने ती ठेवली त्यालाच ती परत वाचता यावी, असे ठरले. या दुसऱ्या अटीत खासगीपणाचा विचार होता. तथापि आज संकेतस्थळाचे एक पान बहुधा एकाच ठिकाणाहून येत नाही. मजकूर एकीकडून, चित्र दुसरीकडून, जाहिरात तिसरीकडून अशी त्याची जुळणी वाचकाच्या डोळ्यांदेखत परंतु त्याच्या नकळत होत असते, आणि त्या प्रत्येक ठिकाणाला आपापली चिठ्ठी ठेवण्याची व वाचण्याची मुभा राहिली. एकच कंपनी हजार संकेतस्थळांच्या पानांत कोठे ना कोठे हजर असेल, तर त्या हजारही ठिकाणी तिला तीच चिठ्ठी दिसते. अटीचे शब्द पाळले गेले आणि तिचा हेतू मात्र विफल झाला.

फेसबुकने 21 एप्रिल 2010 रोजी आपले अंगठ्याचे 'लाइक' बटण इतर संकेतस्थळांना आपल्या पानांवर बसवून घेण्यास खुले केले, आणि ही हजेरी एकाएकी सर्वत्र पसरली. हे बटण काय करीत असे ते जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण या विषयातील बहुतेक गैरसमज येथेच उगम पावतात. समजा, साताऱ्यातील एखादी स्त्री, घरातील सर्व मंडळी झोपी गेल्यावर, स्तनातील गाठीविषयीचा एक लेख मोबाईलवर उघडते. लेखाखाली ते बटण आहे. बटण त्या लेखाच्या संकेतस्थळावर साठवलेले नसते, ते फेसबुककडून आणवावे लागते. आणि ते आणावयास गेलेला तिचा ब्राउझर, बटण कोणत्या पानावर दाखवावयाचे आहे त्या पानाचा पत्ता सांगतो आणि पूर्वी ठेवलेली चिठ्ठीही पुढे करतो. तिने फेसबुकवर प्रवेश केलेला असेल, तर त्या चिठ्ठीमागे तिचे नाव, तिचे गाव, तिची छायाचित्रे आणि तिचे नातेवाईक आहेत. तिने बटणाला स्पर्शही केलेला नाही. पान उघडले एवढ्यानेच नोंद झाली. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाचे संशोधक आर्नोल्ड रोझेंडाल यांनी 2010 सालीच हे दाखवून दिले होते, आणि जे फेसबुकचे सभासदही नाहीत अशांचा मागही या मार्गाने निघू शकतो हे त्यांच्या लेखाचे सर्वांत अस्वस्थ करणारे प्रमेय होते.

या बटणावरून युरोपात जे तंटे झाले ते मुळातून वाचण्याजोगे आहेत. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतातील माहितीसंरक्षण अधिकाऱ्यांनी 2011 च्या ऑगस्टमध्ये आपल्या हद्दीतील संकेतस्थळांना हे बटण काढून टाकण्यास सांगितले; पाठोपाठ हाइझे या जर्मन प्रकाशनसंस्थेने एक युक्ती काढली, तिच्यानुसार पानावर बटणाचे केवळ एक करडे चित्र असे, वाचकाने ते एकदा दाबले तर खरे बटण येई आणि दुसऱ्यांदा दाबले तरच पसंती नोंदली जाई. युक्ती इतकी सोपी होती की मागाशिवाय बटण चालणारच नाही हा बचाव तिने निकालात काढला. बेल्जियममध्ये 2015 साली ब्रुसेल्सच्या न्यायालयाने, सभासद नसलेल्यांचा माग काढणे न थांबविल्यास दररोज अडीच लाख युरो दंड होईल असा हुकूम दिला; तो पुढील वर्षी अपिलात अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर टिकला नाही. परंतु 29 जुलै 2019 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने एका जर्मन कापडविक्रेत्याच्या प्रकरणात जो निवाडा दिला, त्याने जबाबदारीचा प्रश्न बराच स्पष्ट केला: जो आपल्या पानावर हे बटण बसवितो, तो वाचकाची माहिती गोळा करून पुढे धाडण्याच्या कृत्यास फेसबुकबरोबर उत्तरदायी आहे. मराठी वृत्तपत्रांच्या, दिवाळी अंकांच्या आणि संस्थांच्या संकेतस्थळांची व्यवस्था पाहणाऱ्यांनी हा निवाडा अवश्य लक्षात घ्यावा. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण वाचकाप्रत असलेले कर्तव्य केवळ न्यायालयाच्या हुकुमानेच उत्पन्न होते असे नव्हे.

बटण निदान दिसत तरी होते. त्याच्या जोडीस आलेला 'पिक्सेल' दिसतही नाही. तो पानाच्या पोटात असलेला संगणकीय संहितेचा एक तुकडा असून वाचकाने काय पाहिले, काय शोधले आणि कोणते बटण दाबले याची वार्ता तो परस्पर पोहोचवितो. 'द मार्कअप' या अमेरिकन वृत्तसंस्थेने 2022 साली तेथील शंभर नामांकित रुग्णालयांची संकेतस्थळे तपासली, तेव्हा त्यांपैकी 33 ठिकाणी डॉक्टरांची वेळ ठरविण्याच्या पानावरून अशी वार्ता फेसबुककडे जात असल्याचे आढळले. याखेरीज दुकानाच्या गल्ल्यावर बिल करताना जो मोबाईल नंबर विचारला जातो, आणि रांगेतील चार माणसांदेखत आपण जो मोठ्याने सांगून टाकतो, तोही या व्यवहाराबाहेर नाही. कोणताही व्यापारी आपल्या गिऱ्हाइकांच्या क्रमांकांची यादी समाजमाध्यमाकडे देऊन त्या क्रमांकांची खाती हुडकून काढण्याची व त्यांनाच जाहिरात दाखविण्याची सेवा विकत घेऊ शकतो. आपल्याकडे घरोघरी ऐकू येते की, 'काल आम्ही नुसते बोललो आणि आज मिक्सरची जाहिरात आली, हा फोन आपले बोलणे ऐकतो.' बोलणे ऐकण्याचे कारणच पडत नाही, इतकी या मार्गांनी येणारी माहिती पुरेशी असते. परंतु हा समज साधनाविषयी चुकीचा असला तरी आपल्यावर कोणाची तरी नजर आहे ही त्यामागील जाणीव बरोबर आहे, आणि ज्यांना पर्वा नाही असे म्हटले जाते तीच माणसे हे सांगत असतात.

जमविलेल्या नोंदींचे पुढे काय होते याविषयी दोनच गोष्टी सांगतो. केंब्रिज विद्यापीठातील मिखाल कोसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली सुमारे 58,000 स्वयंसेवकांच्या केवळ 'लाइक'वरून त्यांची राजकीय मते, धर्म, लैंगिक कल आणि स्वभाव यांचे अनुमान बऱ्याच अचूकपणे करता येते असे सिद्ध केले. म्हणजे मनुष्याने जे कधी सांगितलेच नाही तेही त्याने सांगितलेल्या किरकोळ गोष्टींतून वर येते. दुसरी गोष्ट केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या, 2018 साली उघडकीस आलेल्या प्रकरणाची. जगभरातील सुमारे 8 कोटी 70 लाख लोकांची माहिती या प्रकरणात गेली असावी असे फेसबुकनेच कबूल केले. भारतापुरते पाहावयाचे तर, ज्या प्रश्नावलीच्या ॲपमधून माहिती गेली ते येथे अवघ्या 335 जणांनी घेतले होते, आणि बाधित होण्याचा संभव असलेल्यांची संख्या मात्र 5,62,455 होती. उरलेल्या साडेपाच लाखांहून अधिक माणसांनी काहीच दाबले नव्हते. त्यांच्या एखाद्या स्नेह्याने ते ॲप घेतले होते एवढाच त्यांचा संबंध. खासगीपण ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब असून ज्याने त्याने आपली काळजी घ्यावी, असे जे उपदेशपर बोलले जाते, त्याला या दोन आकड्यांनी परस्पर उत्तर दिले आहे.

'माझ्याकडे लपविण्यासारखे आहेच काय?' हा प्रश्न सज्जन माणसांच्या तोंडून येतो, म्हणून त्याचा विचार आदराने केला पाहिजे. या प्रश्नात असे गृहीत धरलेले असते की खासगीपण म्हणजे अपराधावरील पांघरूण. 10 एप्रिल 2018 रोजी अमेरिकन सिनेटपुढे झुकरबर्ग यांची साक्ष चालू असताना सिनेटर डर्बिन यांनी त्यांना विचारले, काल रात्री आपण कोणत्या हॉटेलात उतरला होता ते येथे सांगणे आपणास रुचेल काय? क्षणभर थांबून त्यांनी नकार दिला. त्या आठवड्यात कोणाकोणाला संदेश पाठविले त्यांची नावे सांगाल काय, या पुढच्या प्रश्नालाही त्यांनी नकारच दिला. यांतील कोणत्याही गोष्टीत गैर काहीच नव्हते आणि तो नकार सर्वस्वी योग्य होता. आजार, कर्ज, मोडलेले लग्न, पोटी मूल नसणे, बदललेली श्रद्धा, नोकरी सोडण्याचा अद्याप मनातच असलेला बेत, यांत लज्जास्पद असे काही नसते. तरीही या गोष्टी कोणाला, केव्हा आणि किती सांगावयाच्या हे ठरविण्याचा अखत्यार ज्याचा त्याच्याकडे असावा अशी आपली अपेक्षा असते.

याहून बळकट वाटणारा आक्षेप संस्कृतीच्या नावाने घेतला जातो. चाळीत आणि वाड्यात वाढलेल्या, शेजाऱ्याचा पगार आणि पाहुण्याची जात विचारण्यात संकोच न मानणाऱ्या आपल्या समाजाला खासगीपण ही पाश्चात्त्य चैन वाटते, तिची गरज वाटत नाही, असे सुशिक्षित मंडळी मोठ्या खात्रीने सांगतात. त्यांनी आपल्या आजीच्या पेटीतील जुना पत्रव्यवहार एकदा उघडून पाहावा. खुशालीचा मजकूर, परीक्षेचा निकाल, येण्याचा दिवस हे पोस्टकार्डावर जाई. सासरचा जाच, जमिनीच्या वाटणीतील बोलाचाली, स्थळाला द्यावयाचा नकार, उसन्या रकमेची मागणी हे मात्र आंतर्देशीय पत्रात, घड्या नीट दाबून आणि कडांना खळ लावून जाई. लिहिणाराला फार शिक्षण नसे, पण कोणता मजकूर उघडा जाऊ द्यावयाचा आणि कोणता बंद, याचा विवेक त्याला पक्का होता. निरक्षर आईला गावचा पोस्टमन पत्र वाचून दाखवी हे खरे. परंतु तो पोस्टमन तिच्या परिचयाचा होता, त्याने बोभाटा केला असता तर त्याच्या घरी जाऊन त्याला जाब विचारता आला असता, आणि टपाल खात्याच्या नोकराने बेकायदा पत्र उघडणे हा 1898 च्या पोस्ट ऑफिस कायद्यान्वये गुन्हा होता. आजही पाहावे. घरात एकच मोबाईल असेल तर मुलगी तो भावाच्या हाती देण्यापूर्वी आपले संभाषण पुसते. सून व्हॉट्सॲपवरील 'लास्ट सीन' बंद ठेवते. स्टेटस ठेवताना काका-मामांची नावे निवडून वगळणारे तरुण प्रत्येक कुटुंबात आहेत. ज्याची नजर दिसते तिच्यापासून आपले लोक दररोज, मोठ्या कौशल्याने आणि चिकाटीने, आपले खासगीपण राखतात. जी नजर दिसतच नाही, जिला नाव नाही, चेहरा नाही आणि जाब विचारण्यास चावडी नाही, तिच्यापुढे ते निरुपाय होतात.

या आक्षेपाचा परामर्श आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही घेतला आहे. आधारच्या खटल्यात केंद्र सरकारने 2015 साली, 1954 आणि 1962 मधील दोन जुन्या निवाड्यांच्या आधारे, भारतीय राज्यघटनेत खासगीपणाचा मूलभूत हक्क नाही अशी कैफियत मांडली होती. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे त्यात अर्जदार होते. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने तो हक्क मान्य केला, आणि खासगीपण ही मूठभर उच्चभ्रूंची आवड असून गरिबाला तिचे प्रयोजन नाही हा युक्तिवाद त्या निवाड्यात निःसंदिग्धपणे फेटाळला.

आता उक्ती आणि कृती यांच्या त्या विसंगतीकडे वळतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अलीशिया मॅकडोनाल्ड व लॉरी क्रेनर यांनी 2008 साली हिशेब मांडला, त्यावरून असे दिसते की सामान्य वाचकाने भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे खासगीपणाविषयीचे धोरण वाचावयाचे ठरविले तर त्याला वर्षाकाठी सुमारे दोनशे तास खर्चावे लागतील. आणि वाचूनही त्यातील एक अक्षर बदलण्याची त्याला सोय नाही. न वाचता मान्य करणे हा अशा स्थितीत आळस ठरत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जोसेफ ट्युरो यांनी 2015 साली केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक अमेरिकनांनी असे सांगितले की आपल्या माहितीवर आपला ताबा असावा असे त्यांना वाटते, परंतु तो आपल्या हातून आधीच निसटला आहे हेही त्यांनी पत्करले आहे. या मनःस्थितीला सौद्याची राजीखुशी म्हणता येत नाही, ती अगतिकता आहे. आणि ज्यांना ज्ञान अधिक होते त्यांच्यातही ती कमी नव्हती हे विशेष.

जेथे नकाराची वाट थोडी जरी उघडली, तेथे काय झाले? 2021 च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने नवे धोरण 8 फेब्रुवारीपर्यंत मान्य करण्यास फर्मावले, तेव्हा भारतात, म्हणजे त्या कंपनीच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठेत, इतका क्षोभ उसळला की सिग्नल आणि टेलिग्रामकडे रीघ लागली, कंपनीला भारतीय वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन खुलासे करावे लागले, आणि मुदत 15 मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. ज्या लोकांना पर्वा नाही त्यांची समजूत काढण्यासाठी कोणी पानभर जाहिराती देत नाही. पुष्कळ लोक काही आठवड्यांत परत आले हेही खरे आहे. शाळेचा गट, सोसायटीचा गट, गावाकडील भाऊबंद आणि दुकानदार सगळे तेथेच असल्यावर एकट्याने कोठे जावयाचे? भारतीय स्पर्धा आयोगाने 2024 च्या नोव्हेंबरात याच धोरणाबद्दल, फेसबुक व व्हॉट्सॲप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीला 213 कोटी 14 लाख रुपये दंड केला, तेव्हा 'मान्य करा अथवा निघून जा' या पद्धतीवरच बोट ठेवले. दुसरे उदाहरण ॲपलचे. 2021 च्या एप्रिलपासून आयफोनवर प्रत्येक ॲपने माग काढण्यापूर्वी विचारावे, आणि नकाराचे बटण होकाराइतकेच सुलभ असावे, असा नियम झाला. बहुसंख्य लोकांनी नकार दिला. पुढील फेब्रुवारीत फेसबुकच्याच वित्त अधिकाऱ्याने 2022 च्या उत्पन्नात या बदलापायी सुमारे दहा अब्ज डॉलरची तूट येईल असा अंदाज जाहीर केला. पूर्वी जी मूक संमती गृहीत धरली जात होती, तिच्यातील केवढा भाग प्रत्यक्षात कधी दिलाच गेला नव्हता, याचे हे रोख मोजमाप आहे.

आपल्याकडे 2023 च्या ऑगस्टमध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि त्यातील मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी अमलात यावयाच्या आहेत. त्यात उणिवा आहेत आणि त्यांचा ऊहापोह योग्य स्थळी केलेला आहे. सरकारने स्वतःस ठेवलेली सूट फार रुंद आहे. आणि मनुष्याने समाजमाध्यमावर स्वतः होऊन सर्वांसाठी प्रसिद्ध केलेली माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्याने, डिसेंबर 2009 मधील मांडणीसारख्या फेरफाराला बळी पडून जे 'सर्वांसाठी' झाले त्याचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. परंतु अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास त्यात मनाई आहे, दिलेली संमती देण्याइतक्याच सहजतेने परत घेता आली पाहिजे असे बंधन आहे, आणि आणखी एक तरतूद अशी आहे की तिच्याकडे मराठी वाचकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते: माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय प्रत्येक कंपनीने करून दिली पाहिजे. आजवर ही कबुलायत आपल्यापैकी बहुतेकांनी परक्या भाषेत, बारीक अक्षरांत, शेवटपर्यंत न जाता रुजू केली आहे. ही तरतूद अमलात येताच, वाचकहो, सूचना मराठीतून मागा. न मिळाल्यास प्रथम कंपनीकडे आणि तेथे दाद न लागल्यास या कायद्याखाली स्थापन होत असलेल्या मंडळाकडे लेखी तक्रार नोंदवा, आणि सूचना हाती आल्यावर जे देण्याची आपली इच्छा नाही त्याला तेथल्या तेथे नकार द्या.